खत मोडून नवं खत

मागच्या महिन्यात, पगार जमा झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, मोबाइलवर मेसेज आला. 'अभिनंदन! आपण दीड लाखाच्या टॉप-अपसाठी पात्र आहात. कागदपत्रांची गरज नाही.' खाली हिरवं बटण. मी तेव्हा कँटीनमध्ये मिसळ खात होतो आणि खरं सांगतो, माझा अंगठा त्या बटणावर अर्धा सेकंद तरी थांबला. कारण एकदा मी ते बटण दाबलेलं आहे.

हकीकत थोडक्यात अशी. दोन वर्षांपूर्वी बाबांची अँजिओप्लास्टी झाली. मेडिक्लेमने हात आखडता घेतला, आणि तीन लाख दोन दिवसांत उभे करायचे होते. ज्या बँकेत माझा पगार जमा होतो तिथे गेलो. साहेब म्हणाले, तुम्ही चार महिन्यांपूर्वी नोकरी बदलली आहे, नव्या कंपनीच्या सहा पगारपावत्या लागतील. म्हणजे बाबांनी अजून दोन महिने कळ काढायची! त्याच संध्याकाळी हॉस्पिटलच्या लॉबीत बसून एका फायनान्स कंपनीच्या ॲपवर अर्ज केला. चाळीस मिनिटांत पैसे खात्यात. दर १७ टक्के, मुदत ३६ महिने, हप्ता १०,६९६. तेव्हा त्या कंपनीबद्दल मला जे वाटलं त्याला कृतज्ञता असंच म्हणावं लागेल, आणि ते अजूनही पूर्ण गेलेलं नाही.

चौदा हप्ते फेडले आणि धाकट्या बहिणीची इंजिनिअरिंगची फी आली. पुन्हा तेच ॲप. हातात दीड लाख, आणि गंमत म्हणजे हप्ता वाढायच्या ऐवजी १०,५७५ झाला. वर दीड लाख मिळाले आणि हप्ता १२१ रुपयांनी कमी! मी चार मित्रांना कौतुकाने सांगितलंसुद्धा. आपण रोज दुसऱ्यांच्या कोडमधले बग काढतो आणि स्वतःच्या खिशाला पडलेलं भोक वर्षभर दिसत नाही, असं होतं खरं.

काय झालं होतं ते एका रविवारी एक्सेल उघडल्यावर कळलं. जुन्या कर्जाचं शिल्लक मुद्दल साधारण दोन लाख एक हजार. ते नव्या कर्जातून 'बंद' केलं. त्यावर मला दिलेले दीड लाख, वर प्रोसेसिंग फी आणि मी न मागितलेला विमा मिळून नऊ हजार. असं तीन लाख साठ हजारांचं नवं कर्ज, दर १८ टक्के, मुदत ४८ महिने. जुन्या कर्जाचे बावीस हप्ते उरले होते, म्हणजे सुमारे २ लाख ३५ हजार द्यायचे होते. नव्या कर्जात एकूण द्यायचे ५ लाख ७ हजार. फरक २ लाख ७२ हजार, आणि हातात पडले दीड लाख. तेच दीड लाख त्याच १८ टक्क्यांनी वेगळे घेतले असते तर चार वर्षांत २ लाख ११ हजारांत सुटलो असतो. अर्थात मग बावीस महिने दोन हप्ते मिळून पंधरा हजार गेले असते आणि तेवढं माझ्याच्याने झेपलं नसतं. कंपनीला हे माझ्याआधी माहीत होतं.

हे सगळं मी आजीला सोप्या भाषेत सांगायचा प्रयत्न केला. आजीचं माहेर शिरूर तालुक्यातलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे जुनं खत मोडून नवं खत केलं म्हण की. आमचे आजोबा सांगायचे, त्यातच रानं गेली."

हा लेख त्या एका वाक्यामुळे. पुढचे तीन वीकएंड मी १८७५ सालात घालवले.

शाळेत 'दख्खनचे दंगे' हा विषय दोन मार्कांसाठी होता. '१८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला', संपलं. पण हा उठाव जरा वेगळाच होता. १२ मे १८७५, ठिकाण पुणे जिल्ह्यातलं सुपे, आताच्या बारामती तालुक्यातलं. बाजाराचा दिवस. आजूबाजूच्या गावांतून माणसं जमली आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेली. धान्य-कापड लुटलं गेलं, घरंही पेटली, ते खरंच. पण मागणी एकच होती, वह्या आणि खतं बाहेर काढा. कागद हाती आले की भर रस्त्यात होळी. सावकाराने मुकाट्याने कागद दिले तिथे बहुतेक ठिकाणी पुढे काही झालं नाही. जिवावर उठल्याचे प्रकार फार कमी. पुणे आणि नगर जिल्ह्यांत हे लोण पसरलं, तीसहून जास्त गावांना चांगलीच झळ बसली आणि ९५१ लोकांना अटक झाली.

त्याच्या आधी काही महिने, १८७४ च्या डिसेंबरात, शिरूर तालुक्यातल्याच कर्डे गावाने आपल्या सावकारावर बहिष्कार घातला होता. पण बहिष्काराने खातं थोडंच बंद होतं? आपल्या भाषेत सांगायचं तर सुप्याच्या लोकांनी थेट डेटाबेसवर हल्ला केला. बॅकअप नव्हता हे त्यांना माहीत होतं.

आता हे लोक एवढे का चिडले? इथे गोष्ट थेट अमेरिकेत जाते. १८६१ मध्ये तिथे यादवी युद्ध पेटलं आणि इंग्लंडच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना. हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी शहरातल्या सावकारांना पैसे दिले, त्यांनी गावातल्या सावकारांना, आणि गावातल्या सावकाराने शेतकऱ्याला. एकरी शंभर रुपयांपर्यंत उचल मिळत होती. सावकार घरी येऊन कर्ज देत होता. (ओळखीचं वाटतंय? मला महिन्याला असे दहा फोन येतात.) १८६५ मध्ये युद्ध संपलं, अमेरिकन कापूस परत आला, भाव कोसळले. नेमकं त्याच सुमारास सरकारने सारा फेरआकारणीला काढला आणि १८६७ पासून कुठे कुठे तो पन्नास ते शंभर टक्क्यांनी वाढवला. सारा भरायचा तर पैसे हवेत, आणि पैसे द्यायला आता सावकार तयार नाही. वरून येणारा पैसा आटला की तो तरी कुठून देणार? २००८ नंतर किंवा २०१८ मध्ये मोठ्या फायनान्स कंपन्या गडबडल्या तेव्हा बाजारात पैशाची टंचाई कशी झाली हे ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पण मला सगळ्यात जास्त धक्का बसला तो एका कायद्याने. १८५९ मध्ये सरकारने मुदतीचा कायदा केला, आणि तोही शेतकऱ्याच्या भल्यासाठी! कर्जाचं खत तीनच वर्षं चालेल, त्यानंतर सावकाराला कोर्टात जाता येणार नाही. हेतू हा की व्याज वर्षानुवर्षं साचत राहू नये. सावकारांनी काय केलं? तीन वर्षं संपत आली की शेतकऱ्याला बोलवायचं, जुनं मुद्दल अधिक थकलेलं व्याज म्हणजे नवं मुद्दल, त्याचं नवं खत, खाली अंगठा. घड्याळ पुन्हा शून्यावर.

आपल्याकडे त्याआधीपासून दामदुपटीचा नियम होता. हिंदू धर्मशास्त्रातला, आणि मुंबई इलाख्यातली इंग्रजांची कोर्टंही तो मानत. एका वेळी व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही, शंभराचे फार तर दोनशे. इतका सोपा नियम, पण नव्या खताने तोही निकामी. कारण व्याज आता व्याज राहिलंच नाही, ते मुद्दल झालं. मी शीटमध्ये घालून पाहिलं. समजा शंभर रुपये, वर्षाला २५ टक्के सरळ व्याज, काहीच फेडलं नाही आणि दर तीन वर्षांनी नवं खत. सहा वर्षांनी ३०६, बारा वर्षांनी ९३८, अठरा वर्षांनी २,८७२. हे माझं काल्पनिक उदाहरण. पण दंग्यांनंतर सरकारने नेमलेल्या आयोगापुढे एक खरं प्रकरण आलं होतं, शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांपेक्षा जास्त व्याज लावलेलं. आधी मला ती अतिशयोक्ती वाटली होती. शीट पाहिल्यावर नाही वाटली.

शिवाय पावती द्यायची नाही, वहीत काय लिहिलं ते वाचता येत नाही, आणि कोर्टात गेलं तर कागद बोलतो. बऱ्याच दाव्यांत शेतकरी हजरच नसायचा आणि हुकूमनामा एकतर्फी व्हायचा.

आयोगाचा अहवाल १८७८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटसमोर ठेवला गेला. त्यात साऱ्याचा दोष सरकारने स्वतःकडे घेतला नाही, सगळं सावकारावर ढकललं. (पुण्याची सार्वजनिक सभा साऱ्याबद्दल त्याआधीपासून ओरडत होती, पण ऐकतो कोण.) तरी १८७९ चा जो 'दख्खन शेतकरी साहाय्य कायदा' आला तो माझ्या मते काळाच्या फार पुढे होता. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यात कोर्टाला अधिकार दिला की खताच्या मागे जा, पहिल्यापासूनचा व्यवहार उकला, खरं मुद्दल किती आणि व्याज किती ते वेगळं काढा. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं बंद. खत गावच्या निबंधकासमोर करायचं, पावती द्यायची, हिशेब द्यायचा.

मग सगळं आलबेल झालं का? नाही. सावकारांनी हात आवरता घेतला, आणि ज्यांना द्यायचं त्यांच्याकडून गहाणखताच्या ऐवजी सरळ जमिनीचं खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली. 'पैसे दिलेस की परत करीन' हे तोंडी. कायदा एक दार बंद करतो तेव्हा पैसा खिडकी शोधतो, आणि ती खिडकी बहुधा कर्जदाराला आणखी महाग पडते.

म्हणजे पर्याय हवा होता. पुण्याचे जिल्हा न्यायाधीश विल्यम वेडरबर्न यांनी पुरंदर तालुक्यात एक शेतकी बँक प्रयोग म्हणून काढायची योजना मांडली. रानड्यांचा पाठिंबा होता, हिंदुस्थान सरकारही अनुकूल होतं. लंडनला भारतमंत्र्यांनी १८८४ मध्ये ती फेटाळली. त्याऐवजी तगाई. तगाईचे कायदे १८८३ आणि १८८४ चे. कर्ज सरकारी, व्याज कमी, पण मिळायला उशीर आणि वसुलीला सरकारी खाक्या. सहकारी पतसंस्थांचा कायदा यायला १९०४ साल उजाडलं, आणि मुंबईची प्रांतिक सहकारी बँक १९११ ची. सुप्याच्या होळीनंतर छत्तीस वर्षांनी!

आणि तरीही बँक शेतकऱ्यापर्यंत पोचली का? रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये सगळ्या देशात ग्रामीण कर्जाची पाहणी केली. गोरवाला समितीचा अहवाल १९५४ चा, आपले धनंजयराव गाडगीळ त्या समितीत होते. शेतकऱ्याच्या कर्जात सावकारांचा वाटा जवळपास ७० टक्के, सहकारी संस्थांचा ३.१ आणि व्यापारी बँकांचा ०.९. शून्य पूर्णांक नऊ! १९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं त्यामागचं राजकारण काय असेल ते असो, हा ०.९ चा आकडा डोळ्यासमोर ठेवला की त्या निर्णयाकडे बघायची नजर जरा बदलते. माझी तरी बदलली.

बँक ओळखीच्या माणसाला कर्ज देते, आणि तिची ओळख म्हणजे कागद. ज्याच्याकडे कागद नाही त्याला ती ओळखत नाही, मग तो तिच्या दारासमोर राहत असला तरी. ही जी फट राहते ना, तिच्यात आपल्याकडच्या फायनान्स कंपन्या वाढल्या. जुना ट्रक घेणाऱ्या ड्रायव्हरला बँक उभं करत नव्हती, त्याला १९७९ मध्ये सुरू झालेल्या श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्सने कर्ज दिलं. स्कूटर हप्त्यावर द्यायला १९८७ मध्ये पुण्यात बजाज ऑटो फायनान्स निघाली. या कंपन्यांना सावकार म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते अर्धंच खरं. सावकारासारखंच तेही गिऱ्हाइकाला जवळून ओळखतात, पटकन निर्णय घेतात, आणि सावकारासारखाच त्यांचा पैसा दुसऱ्याचा असतो. बँकेला बचत खात्यातला स्वस्त पैसा मिळतो. फायनान्स कंपनीला बचत खातं उघडायला परवानगी नाही, ती रोखे काढते नाहीतर बँकेकडूनच कर्ज घेते. म्हणजे मला ज्या बँकेने नाही म्हटलं, तिचाच पैसा कदाचित फायनान्स कंपनीमार्फत सहा टक्के जास्त दराने माझ्याकडे आला असेल. मुंबईचा व्यापारी, पुण्याचा सावकार, गावचा सावकार, शेतकरी... साखळी तीच.

फरक आहे तो देखरेखीचा. १९९७ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात बदल होऊन प्रत्येक फायनान्स कंपनीला नोंदणी सक्तीची झाली. ज्या सावकारांवर राज्याचा कायदा चालतो त्यांचं वेगळंच. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यात दामदुपटीची मर्यादा आली. आता त्याच्या जागी २०१४ चा महाराष्ट्र सावकारी कायदा आहे, आणि त्याखाली शेतकरी नसलेल्या माणसाला विनातारण कर्ज द्यायचं तर परवानाधारक सावकारासाठी वर्षाला १८ टक्के हा कमाल दर ठरवला गेला. फायनान्स कंपनीला अशी कमाल मर्यादा नाही. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच केलं की रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत. म्हणजे नाक्यावरचा परवाना असलेला सावकार अठराला अडतो, आणि ॲपवर चोवीस-अठ्ठावीसने कर्ज मिळतं. तेही कायद्याने.

रिझर्व्ह बँक दर ठरवत नाही, ती सांगते की लपवू नका. २०२० च्या लॉकडाउनमध्ये बेनामी ॲपवाल्यांनी लोकांच्या फोनमधले नंबर काढून नातेवाइकांना शिव्या घालण्यापर्यंत मजल गेली, तेव्हा २०२२ च्या सप्टेंबरात डिजिटल कर्जाचे नियम आले. पैसे थेट कर्जदाराच्या खात्यात, फोनबुकला हात लावायचा नाही, आणि सगळे खर्च धरून वार्षिक दर एका कागदावर. २०२३ च्या ऑगस्टमध्ये सांगितलं की थकलेल्या हप्त्याच्या दंडावर पुन्हा व्याज चढवायचं नाही. वाचताना मला १८७९ चा कायदाच आठवत होता. पावती द्या, हिशेब द्या, मुद्दल वेगळं दाखवा.

तो कागद मलाही मिळाला होता. टॉप-अपच्या वेळी. १८ टक्क्यांच्या कर्जाचा खरा वार्षिक दर त्यावर १९.४ लिहिला होता, फी आणि विमा धरून. व्यवस्थित मराठीतही होता. मी स्क्रोल करून खाली गेलो आणि 'मान्य' दाबलं. सुप्याच्या माणसाला वाचता येत नव्हतं, मला येतं. अंगठा दोघांचाही.

'बँक बरी की फायनान्स कंपनी' असं ऑफिसात मला आता लोक विचारतात (एक्सेल शीट सगळीकडे फिरली आहे). मी विचारतो, घाई किती आहे आणि कागद किती आहेत? दोन्ही जमत असेल तर बँक, त्यात वादच नाही. हॉस्पिटलच्या लॉबीत बसला असाल तर जो देईल तो, आणि त्याबद्दल लाज वाटून घेऊ नका. फक्त 'फ्लॅट रेट' शब्द ऐकला की कॅल्क्युलेटर काढा. एक लाखावर तीन वर्षांसाठी १२ टक्के फ्लॅट म्हणजे व्याज ३६,०००. तेच १२ टक्के घटत्या शिलकीवर असेल तर १९,५७२. फ्लॅटचे बारा म्हणजे खरे एकवीसच्या वर.

आता माझं काय? टॉप-अपचे दहा हप्ते गेले, अडतीस उरले, शिल्लक मुद्दल ३ लाख ४ हजार ६००. पगारपावत्या आता चोवीस आहेत, म्हणून परत त्याच बँकेत गेलो. साहेब तेच, पण या वेळी चहा आला. दर १२ टक्के. जुनं कर्ज आधी बंद करण्याचा दंड चार टक्के, त्यावर जीएसटी, म्हणजे चौदा हजार तिथेच. बँकेची फी पावणेचार हजार. एवढं सगळं भरूनही अडतीस महिन्यांत तेराएक हजार वाचतात. फार नाहीत, पण आपले आहेत.

म्हणजे पुन्हा जुनं खत मोडून नवं खत. आजीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "या वेळी वाचलंस का?"

वाचलं. सगळी अकरा पानं. नवव्या पानावर तळाला बारीक अक्षरात लिहिलं आहे की सहा हप्ते वेळेवर भरल्यास ग्राहक टॉप-अपसाठी पात्र ठरेल.